आधी तू पाठव!

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ सालापासून नोटा छापल्या जातात. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून बोटीनं यायच्या. खऱ्या पैशाचं हे शहर, पण इथल्या अकरावी-बारावीतल्या पोरांच्या तोंडी जे चलन असतं ते या प्रेसमधून बाहेर पडत नाही. मोबाइलवर बीजीएमआय हा गेम खेळणाऱ्याला ‘यूसी’ हवं असतं, फ्री फायर मॅक्स खेळणाऱ्याला ‘डायमंड’. त्यावर वॉटरमार्क नाही, गव्हर्नरची सही नाही. तरी त्याची उधारी होते, त्यावर पैजा लागतात, आणि त्यापायी कॉलेजरोडपासून सातपूरपर्यंत पोरं फसतातही.

फसवणुकीचं सगळं सार तीन शब्दांत आहे. ‘आधी तू पाठव.’ पुढचे बहुतेक किस्से या तीन शब्दांचेच आहेत. गेम बदलतो, देश बदलतो, चलन बदलतं. पण दोन अनोळखी माणसांपैकी आधी कोणी द्यायचं, हा पेच तसाच राहतो. तो सोडवायला मधे भरवशाचं कोणी नसलं, की त्या रिकाम्या जागी लबाड माणूस येऊन बसतो.

तीस रुपयांची रूम

‘कस्टम रूम’, म्हणजे पासवर्ड लावलेला खासगी सामना, हा प्रकार घरात कोणी खेळणारं असेल तर तुमच्या कानावर आला असेल. इन्स्टाग्रामवर पोस्टर पडतं: एन्ट्री ३० रुपये, प्रत्येक किलला इतके, शेवटपर्यंत टिकणाऱ्याला तितके. यूपीआयनं पैसे पाठवायचे, पेमेंटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा, आणि मॅचच्या दहा-पंधरा मिनिटं आधी रूम आयडी-पासवर्ड मिळायची वाट बघायची. बीजीएमआयच्या एका रूममध्ये शंभर खेळाडू मावतात. म्हणजे तीन हजार रुपये गोळा. आणि पासवर्ड आलाच नाही तर? तीस रुपयांसाठी पोलीस ठाण्याची पायरी कोणी चढत नाही. घरी सांगावं तर फोनच काढून घेतला जाईल. रक्कम लहान ठेवण्यामागे हा पक्का हिशेब असतो.

त्याहून मुरलेला आयोजक पहिल्या काही रूमचे पैसे अगदी चोख देतो. जिंकणाऱ्यांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर झळकतात, नवी पोरं येतात. मग एका शनिवारी एन्ट्री वाढते, बक्षीस दुप्पट होतं, आणि रविवारी ग्रुपच गायब. प्रामाणिकपणे रूम चालवणारी मुलंही आहेत, स्वतःच्या खिशातून बक्षीस देणारीही आहेत, हे मुद्दाम सांगायला हवं. पण पैसे भरताना दोन्ही पोस्टर सारखीच दिसतात.

दुसरा मोठा धंदा आयडी, म्हणजे गेममधलं खातं, विकण्याचा. चार वर्षं खेळून जमवलेले पोशाख, बंदुकांची सजावट, वरची रँक, सगळ्यासकट आयडी विकायची. विकणारा पासवर्ड देतो, घेणारा खुशीत लॉगिन करतो, आणि दोन दिवसांनी विकणारा मूळ ईमेलवरून ‘पासवर्ड विसरलो’ म्हणत आयडी परत ओढून घेतो. कंपनीकडे दाद मागायची सोय नाही, कारण आयडी विकणं मुळातच कंपनीच्या नियमांत बसत नाही. म्हणून पोरांनी ‘मिडलमन’ शोधला: दोघांचाही माल आधी त्याच्याकडे. कल्पना चांगली आहे, पण पुष्कळदा तो मिडलमन म्हणजे विकणाऱ्याचाच दुसरा नंबर निघतो.

एकाची आयडी, दुसऱ्याचा हात

पैजेच्या सामन्यात समोर नाव दिसतं एकाचं आणि फोन हातात असतो भलत्याच तरबेज खेळाडूच्या. पोरांना ही नवी लबाडी वाटते. महाभारताच्या सभापर्वात तिची तक्रार नोंदवलेली आहे! दुर्योधन म्हणतो, डावावरचा पण मी लावीन आणि माझ्या वतीनं मामा शकुनी खेळेल. युधिष्ठिर तिथल्या तिथे हरकत घेतो, की एकासाठी दुसऱ्यानं खेळणं मला बरोबर वाटत नाही. आणि हरकत घेऊनही खेळायला बसतो. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे.

त्याहीआधीचा ऋग्वेदातला जुगाऱ्याचा विलाप, दहाव्या मंडलातलं ३४ वं सूक्त, आजही वाचवत नाही इतकं खरं आहे. बायको गेली, सासू दारात उभी करत नाही, कर्ज झालंय, तरी फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. ते फासे म्हणजे बेहड्याची फळं. आपल्या त्रिफळा चूर्णातला तोच बेहडा. आणि कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावं मुळात फाशांच्या दानांची होती. सगळ्यात वाईट दान कली.

मटका आणि रूनस्केप

आता केंब्रिजला जाऊ. तिथल्या जॅगेक्स कंपनीचा ‘रूनस्केप’ हा गेम २००१ पासून चालू आहे. तलवारी, राक्षस, खाणी, मासेमारी असा त्याचा पसारा. खेळात फासे होते, आणि खेळाडूंनी त्यावर स्वतःच जुगाराचे अड्डे उभे केले. एक जण ‘होस्ट’ व्हायचा. तुम्ही त्याच्याकडे सोन्याची नाणी जमा करायची, तो एक ते शंभरमधला आकडा टाकायचा, आकडा गटातल्या सगळ्यांना दिसायचा. ५५ च्या वर आला तर दुप्पट परत, नाहीतर नाणी होस्टची.

जरा हिशेब करा. ५५ च्या वरचे आकडे ४५. म्हणजे शंभर डावांत साधारण ४५ वेळा दुप्पट, एकूण परतावा ९०. होस्टच्या पदरात दहा टक्के.

मटक्यात एकेरी आकड्याला काय मिळायचं? शून्य ते नऊ असे दहा आकडे, लागला तर रुपयाला साधारण नऊ रुपये. शंभरातले ९० परत, दहा अड्ड्याचे. वरळीचा मटकेवाला आणि केंब्रिजच्या गेममधला कोणी सोळा वर्षांचा होस्ट एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांचा मार्जिन एकच! मला या सगळ्या विषयात सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच वाटते. खेळणाऱ्याला बोचू नये आणि चालवणाऱ्याचं पोट भरावं, असा आकडा दोघांनी आपापल्या वाटेनं शोधून काढला.

मटक्याची दुसरी गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे. सुरुवातीला पैजा लागायच्या न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर. ते भाव टेलिप्रिंटरनं मुंबईत यायचे. मुंबईतल्या कोणाचाही हात त्या आकड्यांपर्यंत पोचत नव्हता, म्हणून गिरणी कामगारापासून शेठपर्यंत सगळ्यांचा भरवसा. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. आकडा आता माणूस काढणार, म्हणजे भरवशाचा प्रश्न आला. पत्ते चारचौघांत उघडले जायचे ते त्यासाठीच. बेकायदा धंद्यालाही आपण सचोटीचे आहोत हे रोज दाखवावं लागत होतं.

रूनस्केपच्या होस्टला तसं काही दाखवायची गरज नव्हती. चार लहान डाव चोख द्यायचे, पाचव्याला मोठी रक्कम आली की लॉगआउट.

म्हणून खेळाडूंनी आणखी एक युक्ती काढली आणि तिला ‘फ्लॉवर पोकर’ असं नाव पडलं. खेळात मिथ्रिलच्या बिया मिळतात. बी जमिनीत टाकली की लगेच फूल उगवतं, कुठल्या रंगाचं ते दैवाच्या हाती. दोघांनी पाच-पाच फुलं लावायची आणि पत्त्यांसारखी जोडी, तिडी, फुल हाऊस अशी तुलना करायची. फुलं दोघांच्या डोळ्यांसमोर उगवतात, हात मारायला जागा नाही. शोभेच्या बियांमधून असा जुगार निघेल हे त्या बनवणाऱ्यालाही सुचलं नसेल. पण पैसे कोणाकडे ठेवायचे, हा पेच इथेही उरलाच. फुलं प्रामाणिक, माणूस पसार.

कंपनीनं अशी फसवणूक आणि खऱ्या पैशांतला व्यापार रोखायला खूप धडपड केली. वस्तूंची अदलाबदल करताना ‘हेच हवं ना?’ असं विचारणारा दुसरा पडदा आणला, कारण शेवटच्या क्षणी वस्तू बदलून देणारे उस्ताद होते. २ जानेवारी २००८ ला तर खेळाडूंमधली मुक्त देवघेवच बंद केली. खेळाडू चिडले, खेळाच्या आतच निदर्शनं झाली. १ फेब्रुवारी २०११ ला ती पुन्हा सुरू करावी लागली. आणि जिथे पैज लावून द्वंद्व खेळता यायचं तो ‘ड्युएल अरीना’ ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या आवृत्तीतून २०२२ मध्ये कायमचा काढून टाकला.

खेळाडूंनीच काढलेला असाच आणखी एक जुगार म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेममधला ‘डेथरोल’, दोन ओळींत समजतो. पहिला एक ते हजारमधला आकडा टाकतो. समजा ६२० आला. दुसऱ्यानं आता एक ते ६२० मधला टाकायचा. आकडा उतरत जातो आणि ज्याच्यावर ‘एक’ येतो तो हरतो.

बँक बुडाली, युद्ध पेटलं

‘ईव्ह ऑनलाइन’ हा आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळातला गेम. यात खेळाडूंना एकमेकांना फसवायची मोकळीक आहे, तो खेळाचाच भाग मानला जातो. जिटा नावाच्या बाजारपेठेत दिवसरात्र आरोळ्या चालतात: मला इस्क पाठवा, दुप्पट करून देतो. इस्क हे तिथलं चलन. लहान रक्कम पाठवली तर खरंच दुप्पट येते. मोठी पाठवली की येत नाही. कस्टम रूमचं गणित, जसंच्या तसं.

या गेममध्ये खेळाडूंनी बँकाही काढल्या. त्यातल्या ‘ईबँक’चा प्रमुख २००९ मध्ये २०० अब्ज इस्क घेऊन पळाला. ते त्यानं काळ्या बाजारात विकून सुमारे ६,३०० ऑस्ट्रेलियन डॉलर खरे मिळवले. घराची अनामत आणि मुलाच्या दवाखान्याचा खर्च त्यातून भागवल्याचं त्यानं नंतर सांगितलं. कंपनीनं त्याला हाकललं ते चोरीसाठी नव्हे. चोरी नियमात बसत होती! इस्क खऱ्या पैशात विकले, हा त्याचा गुन्हा. इकडे ठेवीदारांनी पैसे काढायला झुंबड उडवली, खऱ्या बँकेत उडते तशीच.

२०१६ मध्ये तर कमाल झाली. ‘आय वाँट इस्क’ नावाचा खेळाडूंनी चालवलेला जुगार इतका गब्बर झाला होता, की त्याच्या मालकांनी भाडोत्री फौजा उभ्या करून खेळातल्या सर्वांत बलाढ्य आघाडीविरुद्ध युद्ध छेडलं आणि तिला तिच्या मुलखातून हुसकावून लावलं. एका जुगाराच्या अड्ड्यानं साम्राज्य पाडलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनं असा सगळा जुगार बंद केला.

‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात २००७ च्या जुलैत जुगारबंदी झाली आणि तिथली ‘गिंको फायनान्शियल’ नावाची खेळाडूची बँक ऑगस्टमध्ये कोसळली. वर्षाला ४० टक्क्यांहून जास्त व्याजाचं आमिष होतं. सुमारे साडेसात लाख अमेरिकी डॉलरच्या ठेवी बुडाल्या. पतसंस्था बुडण्याचं दुःख नाशिककरांना समजावून सांगायला नको.

यूट्यूबरची लॉटरी

‘काउंटर स्ट्राइक’मध्ये बंदुकांवर रंगरंगोटी मिळते, तिला स्किन म्हणतात. २०१३ पासून त्या खरेदी-विक्रीत आल्या आणि जुगाराच्या चिप्स बनल्या. २०१६ मध्ये उघड झालं, की एका जुगाराच्या साइटवर जिंकतानाचे व्हिडिओ आनंदानं ओरडत टाकणारे दोन प्रसिद्ध यूट्यूबर त्याच साइटचे मालक होते, आणि बघणाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता. बघणाऱ्यांत शाळकरी पोरं भरपूर. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१७ मध्ये त्यांच्यावर कारवाई केली; सोशल मीडियावरच्या इन्फ्लुएन्सरवर व्यक्तिशः झालेली या आयोगाची ती पहिलीच कारवाई. त्याआधी ‘काउंटर स्ट्राइक’ बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीनं २३ साइटना बंद करण्याच्या नोटिसा धाडल्या होत्या. टेलिग्रामवर ‘आजची कमाई’ दाखवणारा कोणी भेटला, तर ही गोष्ट आठवावी.

न्यायालय म्हणालं, वस्तू ती वस्तूच

खेळातली तलवार ही मालमत्ता आहे का? हा प्रश्न ऐकून हसू येतं, पण त्यापायी एका माणसाचा जीव गेला आहे. शांघायमध्ये एका खेळाडूनं ‘लेजंड ऑफ मीर ३’मधली आपली दुर्मीळ तलवार मित्राला उसनी दिली. मित्रानं ती ७,२०० युआनला विकून टाकली. हा पोलिसांकडे गेला, तर उत्तर मिळालं, की अशा मालमत्तेला कायद्याचं संरक्षण नाही. शेवटी त्यानं त्या मित्राला भोसकून मारलं.

नेदरलँड्समध्ये २००७ मध्ये १३ वर्षांच्या एका मुलाला दोघांनी मारहाण करून, सुरी दाखवून त्याच्या रूनस्केपमधला ताईत आणि मुखवटा स्वतःच्या नावावर करून घेतला. खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ३१ जानेवारी २०१२ ला निकाल आला: त्या वस्तू मिळवायला मुलानं वेळ आणि कष्ट घातले होते, त्या त्याच्या ताब्यात होत्या, म्हणून ही चोरीच. ‘गेममधलं तर होतं, एवढं काय’ असं घरात म्हणताना मला हा निकाल आठवतो.

लुडो कोर्टात जातो

आपल्याकडच्या ‘लुडो किंग’चा जन्म नवी मुंबईतला, २०१६ चा. सोंगट्यांच्या पटाचाच हा वंशज. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये लुडो नावानं त्याचं पेटंट निघालं आणि तो परत आपल्याच घरी आला. मित्रांनी एकत्र खेळावं म्हणून त्यात खासगी रूमचा कोड आहे. त्याच कोडवर बाहेरच्या बाहेर पैजेचे ग्रुप उभे राहिले: दोघांचे पैसे ॲडमिनकडे, कोड ग्रुपवर, जिंकल्याचा स्क्रीनशॉट टाका, कमिशन कापून रक्कम घ्या. मग खोटे स्क्रीनशॉट बनवणारे आले, आणि मग ॲडमिनच पैसे घेऊन जाणारे आले. गेम बनवणाऱ्याचा यात काडीचा संबंध नाही.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका लुडो ॲपबद्दल मनसेच्या एका पदाधिकाऱ्यानं २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, की हा कौशल्याचा नव्हे, नशिबाचा खेळ ठरवा. कौशल्य की नशीब, हा वाद आपल्याकडे फार जुना. महाराष्ट्रात लागू असलेला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आणि त्यात निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमी मुख्यतः कौशल्याची ठरवली आणि त्याच निकालात तीन पत्तीला नशिबाच्या बाजूला बसवलं. रमीची ॲप त्या निकालाच्या आधारावर वर्षानुवर्षं उभी होती.

पुन्हा नाशिक

नाशिक जिल्ह्यानं गेल्या काही वर्षांत ‘ऑनलाइन रोलेट’ भोगलं आहे. एजंट रोख पैसे घेऊन आयडी-पासवर्ड आणि पॉइंट देतो, मोबाइलच्या पडद्यावर चक्र फिरतं. खऱ्या कॅसिनोत चाक डोळ्यांसमोर असतं. इथलं चक्र चालवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, आकडा तो ठरवणार आणि तो कसा ठरला हे बघायला चारचौघं नाहीत. मटक्यानं पाळलेली ती एक अट इथे गेली. खेड्यापाड्यांत द्राक्षाचा, कांद्याचा पैसा हातात आलेली तरणी पोरं यात बुडाली, पोलिसांनी छापे घातले, गुन्हे दाखल केले. कर्जापायी ज्यांची घरं मोडली त्यांचं पुढे काय झालं, ते मात्र कोणी छापत नाही.

नागपूरचं प्रकरण त्याहून मोठं. तिथल्या एका व्यापाऱ्यानं ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गमावल्याची तक्रार २०२३ च्या जुलैत झाली. सुरुवातीला तो सुमारे पाच कोटी जिंकला होता. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा १४ कोटींच्या आसपास रोकड आणि चार किलो सोनं हाती लागलं. आधी जिंकू द्यायचं, मग ओढायचं. जिटातल्या दुप्पटवाल्याचा डाव, फक्त शून्यं जास्त.

२० जुलै २०२५ ला सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहात मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ आमदार रोहित पवारांनी प्रसिद्ध केला. आपण रमी खेळत नव्हतो, अचानक आलेली जाहिरात बंद करत होतो, असा कोकाटे यांचा खुलासा. जुलै संपता संपता त्यांचं कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. त्यानंतर महिना उलटायच्या आत संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण सिन्नरच्या पारावर त्या एकत्रच चघळल्या गेल्या.

या कायद्यानं कौशल्य-नशिबाचा जुना वाद बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकायचे असतील, तर खेळ कुठलाही असो, चालवायला बंदी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; जाहिरातीला दोन वर्षं आणि ५० लाख. भारतीय क्रिकेट संघाच्या तेव्हाच्या प्रायोजक ड्रीम इलेव्हननं पैशांचे सामने थांबवले आणि सप्टेंबरच्या आशिया चषकात भारतीय संघ छातीवर प्रायोजकाच्या नावाविना खेळला. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं कलम व्याख्येतलं वाटतं. डावावर लावलेला ‘पण’ म्हणजे फक्त रुपये नव्हेत. पैसे देऊन घेतलेले कॉइन, टोकन, क्रेडिट, वस्तू असं सगळं त्यात येतं. म्हणजे यूसी आणि डायमंडची पैज लावून घेणाऱ्या ॲडमिननं आपण कायद्याबाहेर आहोत असं समजू नये. ई-स्पोर्ट्सला वेगळी जागा आहे: नोंदणीकृत स्पर्धा, प्रवेश शुल्क, कामगिरीवर बक्षीस, हे चालतं.

आणि खेळणाऱ्याचं काय? केंद्राच्या या कायद्यात त्याला शिक्षा नाही. हे वाक्य प्रत्येक घरात मोठ्यानं वाचलं जावं असं मला मनापासून वाटतं, कारण ‘आपणच अडकू’ या भीतीनं मुलं गप्प बसतात, आणि त्या गप्पपणावर अख्खा धंदा चालतो. पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आधी गोठवता येते. यूपीआय व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी, रूम आयडी, ग्रुपचं नाव आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा, कारण समोरचा सगळ्यात आधी चॅट पुसतो. आणि तीस रुपये असले तरी तक्रार करा. शंभर जणांच्या रूममधल्या दहा जणांनी जरी तोच यूपीआय आयडी कळवला, तरी पोलिसांसमोर एक खातं आणि दहा तक्रारी येतात.